फोटोत न आलेली सुरी

दाताच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत मी मासिकं चाळतो. पाककृतीचं पान आधी काढतो आणि तिथंच माझं डोकं फिरतं. कांदा बारीक चिरून. कोथिंबीर बारीक चिरून. आल्याचे पातळ काप. कढई जाड बुडाची हवी हे सांगतील, तेल कुठलं, आच मंद की मोठी, हिंग कधी घालायचा, सगळं सांगतील. चिरायचं कशानं, ते कोणी सांगत नाही. जणू कांदा आपला आपण बारीक होतो आणि ताटलीत येऊन बसतो.

माझा माल छापून येतो तो वर्तमानपत्रात, आणि तिथं त्याला एकच नाव आहे: धारदार शस्त्र. ‘धारदार शस्त्रानं वार.’ मी सुऱ्या करणारा माणूस आहे. पोलीस ठाण्याच्या टेबलावर मांडलेल्या वस्तूंचे फोटो बघितले की मला कळतं, त्यातल्या निम्म्यांना धार नावाला नसते. पत्र्यातून ठोकून काढलेला माल. पण बदनामी सगळ्या पात्यांची होते. वर्षानुवर्षं मी दुकानांच्या, संपादकांच्या, जाहिरातवाल्यांच्या पायऱ्या चढलो, तो माझा माल त्या पानावरून उचलून कांद्या-कोथिंबिरीच्या पानावर नेऊन ठेवावा म्हणून.

मी गंगापूरकडचा. शाळा सुटल्यावर वाळूजला एका कंपनीत लागलो. आधी टूलरूममध्ये झाडू मारला, मग ग्राइंडरवर हात बसला. कंत्राट संपल्यावर भंगारातून एक जुना ग्राइंडर घेतला. त्या सौद्यात मी भंगारवाल्याला इतका पिळला, की शेवटी तो म्हणाला, “घेऊन जा बाबा, पण परत तोंड दाखवू नको.” मी पुढच्याच आठवड्यात परत गेलो, ट्रकचे कमानपाटे बघायला. चांगली सुरी कमानपाट्याची होते. वर्षानुवर्षं ट्रकचं ओझं झेललेलं पोलाद. ते तापवायचं, ठोकायचं, आकार द्यायचा, तेलात बुडवून कडक करायचं, मग हळूच थोडं नरम करायचं, म्हणजे पातं तडकत नाही. तेलात बुडवताना बारीक आवाज आला की समजायचं, पातं गेलं. म्हणून एका वेळी मूठभरच सुऱ्या होतात. विळ्यासुद्धा करतो मी, अडकित्तेही करतो, पण जीव सुरीत आहे.

ठोकायचं काम चाचांचं. चाचा छावणीतले. त्यांच्या घरात पूर्वी घोड्यांच्या नालांचं काम चालायचं. हातोडा उचलला की ते कोणाचं ऐकत नाहीत, माझंही नाही. दिवसभर आमचं भांडण चालतं. मी म्हणतो पातं पातळ हवं, ते म्हणतात, “सेठ, कागज काटना है क्या गोश काटना है?” त्यांना दोनच गोष्टींचा अभिमान, आपल्या हातोड्याचा आणि आपल्या मिशांचा. मी मासिकांच्या मागे लागलो हे कळलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. “फोटू में मेरी मूछां आना. पूरी. आधी नक्को.”

पहिला फोन मी एका नावाजलेल्या मासिकाच्या संपादकांना केला. माणूस सभ्य होता. सभ्य माणसाशी घासाघीस करणं सगळ्यात अवघड.

“महिन्याला किती नग काढता?” त्यांनी विचारलं.

“होतात तेवढे.”

“म्हणजे साधारण?”

“पातं तडकलं तर कमी, नाही तडकलं तर जास्त.”

“अहो, मग आमच्या वाचकानं विचारलं कुठं मिळेल, तर मी काय सांगू?”

“माझ्याकडं म्हणून सांगा.”

“आमचा वाचक कोल्हापूरला आहे, नागपूरला आहे. त्याला औरंगपुऱ्यातल्या एका भांड्यांच्या दुकानात जा म्हणू?”

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हणालो, “डोंगरातल्या देवळावर पानंच्या पानं छापता, तिथं वाचक जातोच ना?” ते हसले आणि ‘बघू’ म्हणाले. ‘बघू’ म्हणजे काय, ते बाजारात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या मासिकात माझा फोन थेट जाहिरातवाल्याकडं गेला. त्यानं मला पॅकेज सांगितलं. पान विकत घ्या, लेख आम्ही लिहितो. मी म्हणालो, लेख तुम्ही फुकट लिहा, सुरी मी फुकट देतो. तो म्हणाला, सुरीचं मी काय करू? त्या क्षणी मला सगळं लख्ख दिसलं. त्यांच्या पाठच्या पानावर मिक्सरची जाहिरात असते. दिवाळी आली की नवा मिक्सर, पुढच्या दिवाळीला त्याहून नवा. माझी सुरी घेतलेली बाई पुन्हा फिरकत नाही, फिरकली तर धार लावायला. मग माझ्याबद्दल दर वर्षी नवं काय लिहिणार? एकदा लिहिलं की संपलं. शिवाय एका कमानपाट्याच्या सुऱ्या दुसऱ्या कमानपाट्यासारख्या होत नाहीत. ‘मॉडेलचं नाव काय?’ असं मला एकानं विचारलं होतं. मी सांगितलं, नाव नाही, हात आहे. त्यानं फोन ठेवला.

आणि मग त्याच मासिकात जपानच्या सुऱ्यांवर रंगीत पानं आली. तिथल्या भट्टीचा मोठा फोटो. ठिणग्या उडताहेत, म्हातारा लोहार ऐरणीवर वाकलाय. चाचांनी तो फोटो हातात धरून बराच वेळ बघितला. “इसकी तो मूछां भी नै है,” म्हणाले.

हे सगळं गिळून मी काम करत राहिलो असतो. पण एका पावसाळ्याच्या शेवटाला शहरात कुठल्याशा पार्सलमधून तलवारी निघाल्या. झालं. रोज पेपरात फोटो, रोज चर्चा. धारेचं काम करणाऱ्या प्रत्येकाकडं चौकशी झाली. माझ्याकडंही जीप आली. हवालदारांनी माल बघितला, विळीवर बोट फिरवलं, चहा घेतला, म्हणाले, “घरकामाचं आहे, चालू द्या.” आणि गेले. माझ्या दृष्टीनं विषय संपला.

पण जीप आबांनी बघितली. आबा म्हणजे आमचे जागामालक. त्यांच्या शेताचा मोठा तुकडा औद्योगिक वसाहतीत गेला, उरलेल्या जागेवर त्यांनी पत्र्याचे गाळे काढले, त्यातला एक माझा. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला अकरा महिन्यांचा करार नवा करायचो, चहा पिऊन, काही न बोलता. त्या वर्षी आबा उभ्याउभ्या बोलले.

“हे बघा, तुमच्याबद्दल माझं काय बी म्हणणं नाय. पर उद्या पेपरात माझा गाळा आला तर?”

“आबा, तुमच्या घरात माझी विळी हाय.”

“व्हय, हाय. लई ब्येस हाय. पर व्याह्यांना काय सांगू, आमच्या जागेत तलवारी करत्यात म्हणून?”

“तलवारी कोण करतंय?”

“लोक कुठं बघायला येत्यात? लोक ऐकत्यात.” मग जरा थांबून म्हणाले, “चांगल्या ठिकाणी छापून आणा तुमचं. आमच्या सूनबाई वाचत्यात तसल्या मासिकात. ते दाखवा, करार पुढं करतो. नायतर दिवाळीनंतर गाळा मोकळा.”

मी तावातावानं निघालो आणि दुसऱ्या जागा शोधल्या. प्रत्येक ठिकाणी तेच. “काय बनवता?” “सुऱ्या.” “नाही हो, गाळा कालच गेला.” भट्टी म्हणजे काही शिलाई मशीन नाही, उचलली आणि घरात ठेवली. धूर, ठोके, आग. गाळा गेला तर चाचांना घरी बसावं लागलं असतं आणि मला पुन्हा कोणाच्या तरी टूलरूमच्या दारात.

घरी बायको म्हणाली, “विळ्या करतो म्हणून सांगा ना लोकांना. खोटं कुठं आहे?”

“मी सुऱ्या करतो. सुऱ्याच म्हणणार.”

“म्हणा मग. रस्त्यावर बसून म्हणा.”

मी जेवण अर्धं टाकून उठलो.

नशीब औरंगपुऱ्यात उघडलं. तिथल्या भांड्यांच्या दुकानात काउंटरचा एक कोपरा माझ्या सुऱ्यांसाठी ठेवलेला होता. मी नवा माल मांडत असताना एक तरुण बाई आली. आईला द्यायला सुरी हवी होती. बोलता बोलता कळलं, ती त्याच मासिकात लिहिते, ज्याच्या संपादकांनी मला ‘बघू’ म्हटलं होतं. तिनं एक सुरी निवडली आणि किंमत विचारली.

“विकायची नाही,” मी म्हणालो.

“मग इथं कशाला ठेवलीय?”

“आधी भट्टी बघायला या. मग देतो.”

“काका, मला फक्त सुरी हवी आहे.”

“मला फक्त लेख हवा आहे.”

दुकानदार मला डोळे दाखवत होता, गिऱ्हाईक घालवतो म्हणून. ती मात्र हसायला लागली. “तुमच्याशी लग्नाची बोलणी करायला कोण येतं हो?” म्हणाली. मी सांगितलं, माझं झालंय, आणि तिथंही मीच हरलो. ती यायला कबूल झाली. संपादकांचा दिवाळी अंक तयार होत होता, कारागिरांवर एक पान द्यायचं होतं, त्यात बसवते म्हणाली.

ती आली त्या दिवशी चाचांनी मिशांना तेल लावलं होतं. कलपही केला असावा, पण मी विचारलं नाही. भट्टी पेटलेली, ऐरण पुसलेली. तिनं सगळं नीट बघितलं. नुसतं हो-हो करणाऱ्यातली नव्हती. पातं तेलात का बुडवता, पाण्यात का नाही, मूठ बाभळीची का, सगळं विचारलं, लिहून घेतलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाशी भाव न करता बोललो.

मग फोटोची वेळ आली आणि तेवढ्यात आबा आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, डोक्यावर टोपी. सहज आलो म्हणाले. त्यांच्या गाळ्यात कोणी सहज इस्त्री करून येत नाही.

बाई म्हणाली, “मालकच आलेत तर छान. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून उभे रहा. काका, तुम्ही त्यांच्या हातात सुरी द्या. दोघं हसा.”

मी सुरी घेतली आणि लाकडाच्या ओंडक्यावर ठेवली. आबा वाकले, उचलायला.

“तशी नाही, हातात द्या.”

“हातात देत नसतात,” मी म्हणालो.

तिला ठाऊक नसावं, शहरातल्या मुलींना कोण सांगतं. धारेची वस्तू एकानं दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. हातातून हातात गेली की देणाऱ्या-घेणाऱ्यांत भांडण होतं. मिठाचं आणि मिरचीचंही तसंच. मी भावावरून गिऱ्हाइकाशी हमरीतुमरीवर आलोय, आवाज रस्त्यापर्यंत गेलाय, पण सुरी कधी हातात दिली नाही. किमतीचं भांडण व्यवहाराचं असतं, त्याला शेवट असतो. हे दुसरं भांडण कोणाला परवडतं?

“अहो, नुसतं फोटोपुरतं,” ती म्हणाली.

“फोटोपुरतं भांडण होत नसतं ताई,” आबा म्हणाले. “झालं की पुरतं होतं. आमचा करार व्हायचाय अजून.”

“मग दोघांनी एकदम धरा.”

“त्ये तर लईच वाईट.”

चाचा भट्टीपाशी उभे राहून हसत होते. “बाई, ये सेठ पैलेइच दिनभर मेरे से लड़ते. छुरी कू काय कू बदनाम करते?”

शेवटी तिनं हात टेकले. मी सुरी ओंडक्यावर ठेवायची, आबांनी वाकून हात पुढं करायचा, आणि दोघांनी सुरीकडं बघून हसायचं. तसे पुष्कळ फोटो निघाले. बाजूला चाचा उभे, छाती पुढं काढून, मिशा कॅमेऱ्याकडं. जाताना तिनं आपली सुरी नेली. मी ती ओंडक्यावर ठेवली. तिनं न सांगता उचलली.

अंक आला तेव्हा मी सकाळीच औरंगपुऱ्यातल्या स्टॉलवर होतो. तिथंच उभ्यानं पान काढलं.

फोटो होता. मी आणि आबा वाकलेलो, तोंडभर हसतोय, नजर खाली. आणि खाली काही नाही. जिथं ओंडका सुरू व्हायचा, तिथंच फोटो संपत होता. आम्ही दोघं शहाणीसुरती माणसं पानाच्या खालच्या कडेकडं बघून खुळ्यासारखे हसत होतो. डाव्या बाजूला अर्धी मिशी. चाचांचं बाकी काही नव्हतं. मथळा होता, ‘लोखंडाशी जडलेलं नातं’. मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला. ‘घरगुती लोखंडी वस्तू’ होतं, ‘पारंपरिक अवजारं’ होतं, ‘कारागिरांना जागा देणारे दिलदार मालक’ होतं. सुरी हा शब्द नव्हता. एकदाही नव्हता. पान उलटलं तर फराळ सुरू. सुक्या खोबऱ्याचे पातळ काप करावेत. बदामाचे उभे काप करावेत.

मी रस्त्यातूनच तिला फोन लावला. ती आधीच रडवेली होती.

“काका, मी सुरीच लिहिलं होतं. वर बदललं. सणाच्या अंकात धारदार काही दिसायला नको म्हणाले. फोटोही तिथूनच कापला.”

“मग खोबऱ्याचे काप दातानं करायचे का?”

“मी हेच विचारलं त्यांना,” ती म्हणाली. “ते हसले.”

तिच्यावर ओरडायचं सोडून मी फोन ठेवला.

भट्टीवर गेलो. चाचांनी पान बघितलं, आपली अर्धी मिशी बघितली, अंक माझ्याकडं परत दिला आणि हातोडा उचलला. त्या दिवशी त्यांनी माझ्याशी भांडण केलं नाही. ते मला जास्त लागलं.

आता आबांना काय दाखवायचं? ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ती वस्तूच लेखात नव्हती. मी मनात भांडण जुळवत त्यांच्या घरी गेलो. तर ओसरीवर आबा अंक मांडीवर घेऊन बसलेले, बाजूला शेजारचे लोक. सूनबाईंनी अंकाच्या जास्तीच्या प्रती आणून ठेवल्या होत्या.

“या या! काय फोटो आलाय! ‘दिलदार मालक’ वाचलं का?”

“आबा, ह्यात सुरी कुठाय?”

“नाय ना?” आबांचा चेहरा उजळला. “तेच तर लई ब्येस झालं! मला तीच काळजी लागली होती. आता कोणी बी वाचू द्या.”

मला बोलायचं होतं ते असं, की हा लेख माझा नाही, हा तुमचा आहे, फाडून टाका. पण समोर करार होता आणि भट्टी होती. भाव आपल्या बाजूला झुकला असताना तोंड उघडणारा माणूस बाजारात टिकत नाही. सूनबाईंनी चिवडा दिला, तो खाल्ला. करार झाला. आबांच्या दोन अटी होत्या. गाळ्यावर बोर्ड लावायचा, ‘घरगुती लोखंडी वस्तू’. आणि लेखाचं पान फ्रेम करून दारात लावायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

बोर्ड लावला. फ्रेमही लावली. घरी बायकोनं बोर्डाबद्दल विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, “मी हेच म्हणत होते ना?” मी म्हणालो, गप्प बस. ती गप्प बसली, पण हसत.

मग एका सकाळी मी फ्रेमच्या खाली खिळा ठोकला आणि एक सुरी टांगली. जिथं फोटो कापला होता, बरोबर त्याच्या खाली. पातं खाली, मूठ वर. चाचांनी हातातलं काम थांबवून बघितलं आणि सांगितलं, “जरा सीधे हात कू लो.” मी ती जरा उजवीकडं घेतली.

आबा भाड्याला आले आणि दारातच थबकले.

“हे काय?”

“आपण दोघं बघतोय ती.”

“काढा.”

“बोर्डावर तुमचा शब्द आहे, आबा. मी हूं की चूं केलं नाही. भिंतीवर माझी सुरी राहू द्या.”

“पोलीस आले तर?”

“तर बोर्ड वाचतील.”

“सूनबाई बघतील!”

“त्यांच्या हातची भाजी याच सुरीच्या बहिणीनं चिरलेली आहे.”

आबांचा आवाज चढला. माझाही चढला. गल्लीतल्या गाळ्यांतली माणसं बाहेर आली. आबांनी रागानं हात पुढं केला. “द्या इकडं! मीच घेऊन जातो!”

मी सुरी खिळ्यावरून काढली. त्यांचा हात तसाच पसरलेला. मी ओंडक्याकडं वळलो, सुरी तिथं ठेवली आणि बाजूला झालो.

“उचला,” मी म्हणालो.

आबांनी आपल्या पसरलेल्या हाताकडं बघितलं. हातातच मागितली होती त्यांनी, सगळ्यांसमोर. त्यांनी हात मागं घेतला आणि धोतराला पुसला, जणू काही लागलं होतं. थोडा वेळ आम्ही दोघं त्या सुरीकडं बघत उभे राहिलो, फोटोत होतो तसेच, फक्त हसत नव्हतो.

“टांगा,” ते म्हणाले. “पर भाड्याला उशीर नको.”

ती अजून तिथंच आहे. नवा माणूस आला की आधी फ्रेमकडं बघतो, मग आमची नजर कुठं गेलीय ते शोधत खाली येतो आणि सुरीपाशी थांबतो. तिथं मला काही सांगावं लागत नाही. मासिकानं एवढंच छापायला हवं होतं. चार बोटं खालपर्यंत कागद लागला असता.